गाडीला सावली

“गाडीला सावली मिळाली ना? मग झालं. बाकीचे बसतील कुठंही.”

दादा हे गेनूला म्हणाला. सावेडीच्या मळ्यात चिंचेखाली गाडी लावून तो तिच्याभोवती एक फेरी मारून आला होता, आणि आमचा मळा राखणारा गेनू तिथली आधी अंथरलेली सतरंजी गोळा करून उन्हात नेत होता. वहिनी तीन महिन्यांच्या पोराला पदराखाली धरून विहिरीच्या कडेला उभी होती. आई गूळ फोडत होती. दादाचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या क्षणी एवढंच वाटलं की गेनू सतरंजीची घडी नीट घालत नाहीये.

काल आईने नगरहून मुंबईला येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर माझ्यासाठी हुरडा पाठवला. ओल्या फडक्यात बांधलेला, कोवळा. पण एवढा प्रवास झालेल्या हुरड्याची नुसती आठवण येते, चव येत नाही. तरी मी तो परतला, मीठ टाकलं आणि दारात बसून खाल्ला. माझ्या खोलीचं दार फार रुंद आहे. दोन्ही फळ्या उघडल्या की एक भिंतच नाहीशी होते, आणि अंगणातून जाणाऱ्या माणसाला मी आणि माझी पुस्तकं दुकानात मांडल्यासारखी दिसतो. फरशीवर मधोमध थाळीएवढा काळा डाग आहे. सोडा झाला, साबण झाला, तो जात नाही. राखेने घासून बघ, असं शेजारणीने सुचवलं. राखेने मी काही घासत नाही.

हुरड्याचा वास आला की त्या एका पौषाचं सगळं परत येतं, आणि सगळ्यात आधी येते ती गाडी. तिचा मला राग नव्हता. लोखंडावर काय रागवायचं?

गाडी हिरवी होती. हुरड्यासारखी कोवळी हिरवी नव्हे, विहिरीच्या तळाशी पाणी दिसतं तशी. लढाई संपल्यावर कॅम्पातला एक गोरा लेफ्टनंट विलायतेला परत निघाला, त्याच्याकडून दादाने ती घेतली. दोन माणसांची जागा, वर कापडी टप, आणि पुढे इतकं लांब नाक की आत बसलेला माणूस उगाचच मागे राहिल्यासारखा दिसे. दादा त्या वेळी चार दिवसांच्या रजेवर नगरला आला होता. पहिल्या दिवशी तो आमच्याशी बोलला, उरलेले तीन दिवस गाडीपाशी होता.

मुंबईला तो फोर्टातल्या एका इंग्रजी कंपनीत होता. राहायला दादरला, दोन खोल्यांत. एवढ्या मोठ्या शहरात अशी गाडी बाळगायची एक रीत असते, ती मी त्याच्या पत्रांतून शिकले. ऑफिसला न्यायची नाही, कारण रस्त्यावर उभी केली की पोरं तिच्या धुळीत बोटाने नावं काढतात. समुद्राकाठी फार वेळ थांबवायची नाही, खारा वारा पत्रा खातो. पावसात काढायची नाही, टप गळतो. गर्दीत काढायची नाही, इंजिन तापतं. शिवाय पेट्रोलची कुपनं इतकी थोडी, की महिन्यात दोन रविवार फिरवली की संपली. म्हणून गाडीचा मालक रोज ट्रामला लोंबकळत कामावर जाई, आणि महिन्यातल्या त्या दोन रविवारी, रस्ते रिकामे असताना, वरळीपर्यंत जाऊन परत येई. निघण्याआधी अर्धा तास पुसणं, आल्यावर अर्धा तास पुसणं. दोन्ही वेळा वहिनी वरच्या खिडकीतून बघायची. मी एकदा तिला विचारलं, “तू कधी बसलीस गं गाडीत?” ती म्हणाली, “बसले की. लग्नाच्या वाढदिवसाला. पायपुसणं होतं तिथं, त्यावर पाय ठेवून.”

दादा अण्णांना इंग्रजीत पत्रं लिही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नगरच्या कोर्टात वकील आहेत. त्यांना इंग्रजी उत्तम येतं, पण जेवणानंतर ते पत्र माझ्याकडून वाचून घेत आणि आईसाठी मराठीत सांगायला लावत. कॅम्पातल्या मडमांच्या शाळेत मला घातलं, त्याचा घराला झालेला एवढाच उपयोग. त्या शाळेने मला काटा कुठल्या हातात धरायचा ते शिकवलं, आणि मोठी माणसं बोलत असताना गप्प बसायला शिकवलं. दुसरं शिकवायची गरज नव्हती, ते मी घरूनच शिकून गेले होते.

गाडीसाठी गॅरेज मिळालं त्याचं पत्र चार पानी होतं. पुढे मुलगा झाला, त्याचं दीड पान. गॅरेजसाठी दादाने पाच महिने घरमालकाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, तिघा वजनदार माणसांच्या चिठ्ठ्या नेल्या होत्या. शेवटी जागा मिळाली ती त्याच्याच इमारतीच्या मागच्या अंगणात, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी. मी आईला सांगितलं: कोरडी खोली आहे. शहाबादी फरशी. मागच्या भिंतीला खिडकी, वारा यायला. दाराशी नळ. अंगणात पहारेकरी.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं झालं बाई. आपल्या माजघराला अजून खिडकी नाही.”

ती टोचून बोलली नव्हती. आईला टोचून बोलता येत नाही. टोचून बोलण्याचं काम आमच्या घरात मी करते, पण मनातल्या मनात, त्यामुळे आजवर कुणालाही काही लागलेलं नाही.

त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. नगरात तेव्हा कॉलेज नव्हतं. पुण्याला मुलींचं वसतिगृह होतं, पण मुलगी वसतिगृहात ठेवायची नाही, नातलगांकडेच, हा अण्णांचा कायदा होता, आणि बाहेरगावी नातलग म्हणजे एक दादा. मला रसायनशास्त्र शिकायचं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ‘पुढे शिकायचंय’ एवढंच आईजवळ म्हटलं होतं, तेही तांदूळ निवडताना, ताटाकडे बघत. आईने अण्णांना सांगितलं, अण्णांनी दादाला लिहिलं. दादाचं उत्तर मीच वाचलं. दोन खोल्या, त्यात तान्हं मूल, कुमूला झोपवू कुठे? मुंबईत आज माणसाला पाय टेकायला जागा मिळत नाही. पान उलटलं, तर मागच्या बाजूला लिहिलं होतं की गॅरेजच्या खिडकीला त्याने बारीक जाळी बसवून घेतली, कारण चिमण्या आत येऊन टपावर घाण करतात.

मी दोन्ही बाजू सारख्याच आवाजात वाचल्या. त्या आवाजाचा मला अजून तिटकारा आहे.

“बघू,” अण्णा म्हणाले. “हुरड्याला येईल तेव्हा समक्ष बोलू.”

त्याच हुरड्याला त्यांनी श्रीरामपूरची मंडळीही बोलावली. कापसाचे व्यापारी, मुलगा एकुलता एक, नाव वसंतराव. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम नाही हं, नुसतं हुरड्याला या, असं कळवलं होतं. जागेचं जमलं तर जूनमध्ये कॉलेज, नाही तर वैशाखात लग्न. हे कुणी बोलून दाखवलं नाही. पण आईने माझ्यासाठी काढून ठेवलेलं डाळिंबी लुगडं बघितलं आणि मला निकाल कळला.

दादा मुंबईहून गाडीने आला. एका जागेवर तो, दुसरीवर त्याची बॅग आणि पेट्रोलचा डबा. वहिनी पोराला घेऊन आगगाडीने आली, दौंडला उतरून, गाडी बदलून, पुढे टांग्याने. उघड्या गाडीतला वारा पोराला बाधला असता. हे खरंच होतं. दादाची कारणं नेहमी खरी असतात, त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही.

हुरड्याची रीत अशी की पुरुष खातात आणि बायका चोळतात. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेलं कणीस बाहेर काढलं की लगेच तळहातांत धरून चोळायचं. गार झालं तर दाणे सुटत नाहीत. पहिल्या पाच-सहा कणसांना तळहात भाजतात, मग काही कळेनासं होतं. मी खाली मान घालून चोळत होते, फुंकर मारून कूस उडवत होते आणि दाणे पुढे सरकवत होते. मला बघायला आलेला माणूस गाडीखाली शिरला होता. त्याचे फक्त बूट दिसत होते.

“ताशी किती पळते हो?” बुटांनी विचारलं.

“सत्तर,” दादा म्हणाला. “पण मी चाळिसाच्या वर नेत नाही.”

“का बरं?”

“जपायला नको?”

हे वसंतरावांना फार पटलं. बाहेर येऊन त्यांनी गुडघे झटकले, दिवे पाहिले, आरशात स्वतःचा भांग पाहिला. मी चटणीची वाटी घेऊन गेले तेव्हा ते माझ्याशी बोलले. त्या दिवसात एकदाच. “जरा बाजूला होता का? नंबरची पाटी दिसत नाहीये.” मी बाजूला झाले. त्यांचे वडील आईला म्हणाले, “मुलगी मोठी शालीन आहे हो.” शालीन! माझ्या डोक्यात त्या क्षणी जे चाललं होतं ते ऐकू आलं असतं, तर ते म्हातारे गृहस्थ चालत श्रीरामपूरला गेले असते.

जेवणं झाल्यावर अण्णांनी विषय काढला. “काय मग मधू, कुमूचं कसं करायचं?”

“अण्णा, लिहिलं होतं ना मी? जागाच नाही. तुमच्या सुनेला विचारा. पोराचा पाळणा टांगायला आढं शोधावं लागलं. कुमूचं इथंच काहीतरी बघा की.” आणि त्याने वसंतरावांकडे पाहिलं. वसंतराव बॉनेटकडे पाहत होते.

“हं,” अण्णा म्हणाले. अण्णांच्या ‘हं’वर अपील नसतं.

मग पुरुषमंडळी शेजारच्या मळ्यातला ऊस बघायला गेली. आई सुपारी कातरून छपराच्या सावलीला आडवी झाली. विहिरीपाशी येसाबाई भांडी घासत होती, वहिनी पोराला पाजत होती, मी नुसती बसले होते.

येसाबाई म्हणजे गेनूची बायको. दादा लहान असताना आई विषमज्वराने तीन महिने अंथरुणाला होती, तेव्हा येसाबाईने त्याला कडेवर वाढवला. अजून ती त्याला मधूबाळ म्हणते. मुंबईच्या इस्त्रीतला, कातडी टोपीतला दादा तिच्यासमोर आला की ती आधी त्याच्या पोटाकडे बघते, वाळला की काय म्हणून.

भांडी आटोपली तशी तिचं लक्ष चिंचेखाली गेलं. पांढऱ्या फुफाट्यातून आलेल्या गाडीवर बोटभर धूळ होती.

“बगा की वो बाय, मधूबाळाच्या गाडीची काय दशा झालीया. लई धूळ हाय. अशी मुंबैला जाऊ द्याची व्हय? लोकं म्हंतील, गावाकडं हाताखाली मानूस न्हाई.”

आणि तिने आगटीच्या कडेची गार राख मूठभर घेतली, काथ्या घेतला, पाण्याची घागर घेतली आणि गाडीकडे निघाली. आमच्याकडे मौल्यवान वस्तू उजळायची हीच पद्धत आहे. देवाची समई, पितळेचा हंडा, पाहुण्यांचे पेले. येसाबाईला याहून मोठा मान देता येत नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगायला हवं. गॅरेज मिळण्याआधीच्या पावसाळ्यात गाडी दोन महिने मळ्यातल्या छपरात ठेवली होती. तेव्हा दादाने गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मला दिलं आणि गेनूसाठी त्यातल्या सूचना मराठीत उतरवून घेतल्या. मी वहीची आठ पानं सुवाच्य अक्षरात लिहिली होती. गाडी कोरड्या, हवेशीर जागी ठेवावी. फार दिवस एका जागी नुसती उभी ठेवू नये, आतले भाग जखडतात. धूळ घासून काढू नये, भरपूर पाण्याने भिजवून, मऊ फडक्याने, हलक्या हाताने पुसावी. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईबद्दल इतक्या काळजीने लिहिलेलं मी काही वाचलेलं नाही. ती वही गेनूने देवाच्या फळीवर ठेवली आणि येसाबाईने तिला हळदकुंकू वाहिलं. दोघांनाही वाचता येत नव्हतं. वाचून दाखव असं मला कुणी म्हटलं नाही, आणि मीही आपणहून वाचून दाखवलं नाही. माझं काम लिहिण्याचं होतं, ते मी चोख केलं होतं.

म्हणजे काय होणार आहे हे त्या मळ्यात मला पुरतं माहीत होतं. ‘नको’ एवढा एक शब्द पुरला असता.

तिने नाकापासून सुरुवात केली. खर्र, खर्र. दोन्ही हातांचा जोर लावून, गोल गोल. हिरव्या रंगावर आधी राखेचा चिखल झाला, मग पाणी ओतल्यावर खालून पाटीसारखा मळकट, ओरखड्यांचा पत्रा दिसायला लागला. ओलं होतं तोवर तो चमकत होता. “आता कशी!” ती म्हणाली आणि उजव्या मडगार्डाकडे वळली. मी बसून राहिले. लाजाळू आहे, पटकन तोंडातून शब्द निघत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खोटं होतं ते. मला बघायचं होतं. मी वहिनीकडे पाहिलं. तिलाही दिसत होतं. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पोराला उचललं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं.

डाव्या मडगार्डाचं काम चालू असताना मंडळी परत आली. ओलं नाक तोवर वाळलं होतं.

“हे काय? हे काय केलंस?”

“घासली, बाळा,” येसाबाई हसून म्हणाली. “अजून एवढी बाजू ऱ्हायली. मंग बग कशी...”

“राखेनं? राखेनं घासलीस? अक्कल आहे का काही? गोवऱ्या थापायचे हात ते, गोवऱ्याच थापा! पुन्हा माझ्या कुठल्या वस्तूला हात लावलास तर याद राख. तो काथ्या फेक आधी! फेक!”

काथ्या खाली पडला. येसाबाईने दोन्ही हात पदरात घेतले, जणू त्यांना कुणी मारणार होतं. बोटांवरची राख पदराला लागली. गेनूने मुंडासं काढून हातात धरलं. अण्णा म्हणाले, “मधू, पुरे.” वसंतरावांनी बॉनेटवरून हळूच बोट फिरवलं आणि चुकचुकले. “रंग सगळा पुन्हा द्यायला लागणार. अरेरे.” इतक्या हळव्या स्वरात ते दिवसभरात कुणाशी बोलले नव्हते.

“आता ही अशी नेऊ मुंबईला?” दादा म्हणाला. तो रडेल की काय असं मला वाटलं, आणि मला त्याची दया आली नाही. “अशी उभी करू तिथं? माणसं काय म्हणतील?”

“चुकलं, बाळा,” येसाबाई म्हणाली. “मला काय ठावं? कुनी सांगिटलं न्हाई.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघायचं तिला कारणच नव्हतं, कारण वहीत काय लिहिलंय हे तिला माहीत नव्हतं. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तोवर मला वाटत होतं की त्या मळ्यात माझ्याइतकं स्वच्छ कुणी नाही. दादा गाडीपुढे आंधळा, वसंतराव मूर्ख, अण्णा कायद्याचे गुलाम, आणि मी सगळं ओळखून असलेली. लोकांना तुच्छ लेखणं हे चिंचेखाली बसण्यासारखं आहे. आपल्याला गारवा मिळतो, आणि ऊन जे लागायचं ते दुसऱ्या कुणाला तरी लागतं. त्या दिवशी ते येसाबाईला लागलं. दादाने सावली गाडीला तरी दिली होती. मी ती सगळी स्वतःसाठी ठेवली होती.

मी उठले. डाळिंबी लुगड्यावर हुरड्याचं कूस पडलं होतं ते झटकलं नाही. चालत चिंचेपर्यंत गेले, येसाबाई आणि दादा यांच्या मधे उभी राहिले. श्रीरामपूरचे म्हातारे गृहस्थ कौतुकाने बघत होते, शालीन मुलगी आता भावाची समजूत काढणार म्हणून. पत्र वाचायच्या आवाजात सुरुवात केली असती तर सोपं गेलं असतं, पण तो आवाज मला नको होता. दुसरा आवाज माझ्याजवळ होता की नाही, हे मला बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

“दादा, तिला बोलू नकोस. राखेनं रंग जातो हे मला ठाऊक होतं, आणि मी बघत बसले. गाडी आता इथंच राहू दे, येसाबाई तिला सावलीत ठेवील. दादरच्या तिच्या गॅरेजात मी राहते.”